मंडळाची शिल्लक

मार्च महिना सरला की इंदूरमधील लहानमोठ्या सेवा मंडळांच्या वार्षिक सभांचा हंगाम सुरू होतो. सभासद पंचवीस-तीस, त्यांतले निम्मे हजर. अध्यक्षांचे प्रास्ताविक संपते, मागील सभेचे इतिवृत्त कायम होते आणि मग खजिनदार कागद घेऊन उभे राहतात. वर्गणी इतकी, देणग्या इतक्या. पाणपोईचा खर्च इतका, नेत्रशिबिराचा इतका, शाळेतील गरीब मुलांच्या वह्यांचा इतका. सर्वांत शेवटी एक आकडा येतो, शिल्लक. तोवर पेंगणारी सभा त्या शब्दासरशी जागी होते. कोणी म्हणतो, ‘पैसा उरला याचा अर्थ सेवा कमी पडली. लोकांनी तो पेटीत ठेवण्यासाठी दिला नव्हता.’ लगेच दुसरा म्हणतो, ‘वाईट दिवस सांगून येत नाहीत. गंगाजळी नसेल तर मंडळ एका वर्षात बुडेल.’ दोघेही प्रामाणिक असतात, आणि दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असते. म्हणूनच हा वाद दरवर्षी नव्याने होतो.

वाद क्षुल्लक वाटतो खरा. परंतु श्रोतेहो, याच इंदूरच्या इतिहासात हा प्रश्न जवळजवळ तीनशे वर्षे वावरत आहे. तो तख्तापुढे आला, महात्म्यांपुढे आला आणि २०२२ साली देशाच्या सर्वोच्च न्यायालयापुढेही आला. धर्मादायाचा पैसा कोठे ठेवावा, किती ठेवावा आणि त्याचा हिशेब कोणाला द्यावा, एवढाच तो प्रश्न. त्याचा इतिहास पाहू लागलो म्हणजे पहिले नाव येते ते ‘खासगी’चे.

‘खासगी’ या शब्दाचा आजचा अर्थ घरगुती, व्यक्तिगत असा आहे. होळकरांच्या राज्यात मात्र तो एका स्वतंत्र जमाखर्चाचा शब्द होता. मल्हारराव होळकरांना पेशव्यांकडून जो मुलूख मिळाला तो सरंजामी होता. सरंजाम हा चाकरीचा मोबदला; त्यातून फौज पोसावयाची, सरकारात भरणा करावयाचा, आणि धन्याची मर्जी फिरली किंवा रणांगणात काही बरेवाईट झाले तर मागे राहिलेल्या माणसांना त्याचा भरवसा नसावयाचा. शिपाईगड्याचे आयुष्य ते. घोड्याच्या टापेवर भाग्य तोललेले. तेव्हा मल्हाररावांनी पहिल्या बाजीरावांकडे आपल्या कुटुंबासाठी वेगळी, वंशपरंपरेची तजवीज मागितली आणि १७३४ साली त्यांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे खासगी जहागिरीची सनद झाली. तिचे वार्षिक उत्पन्न आरंभी सुमारे तीन लाख रुपये होते. महेश्वरासारखी माळव्या-निमाडातील ठिकाणे व दक्षिणेत चांदवडाकडील काही मुलूख तीत होता. राज्याचा खजिना ती ‘दौलत’, आणि राणीच्या हातचा हा दुसरा खजिना ती ‘खासगी’. एका घराच्या दोन थैल्या झाल्या, आणि एकीतला पैसा दुसरीत जाऊ नये ही रीत पडली.

गौतमाबाईंच्या पश्चात ही खासगी अहिल्याबाईंकडे आली. १७६६ साली मल्हारराव आलमपुरास वारले. पुढच्याच वर्षी नातू मालेराव गेला आणि राज्याचा भार अहिल्याबाईंवर पडला. त्यांच्या दानधर्माची यादी महाराष्ट्रातील शाळकरी मुलासही थोडीफार ठाऊक असते. काशीचे विश्वेश्वराचे देऊळ, सोमनाथ, गयेचे विष्णुपद, आणि हरिद्वारापासून रामेश्वरापर्यंत घाट, विहिरी, धर्मशाळा, अन्नछत्रे. आपण ती यादी भक्तिभावाने वाचतो आणि पुढे जातो. हिशेबनिसाच्या नजरेने मात्र ती फार थोड्यांनी वाचली असेल. तशी वाचली म्हणजे प्रश्न पडतो, की फौजफाट्याच्या, चढाया-लढायांच्या त्या काळात हा ओघ तीस वर्षे अखंड राहिला कसा? दौलतीच्या मागे फौजेचे पगार होते, पेशव्यांच्या मागण्या होत्या, तुकोजी होळकरांच्या मोहिमा होत्या. धर्मादायाचा खर्च त्या थैलीवर टाकला असता तर पहिल्याच मोठ्या स्वारीच्या वर्षी अन्नछत्राची चूल विझली असती. ती विझली नाही याचे कारण ती दुसऱ्या थैलीवर पेटत होती.

सर जॉन माल्कम याने १८२३ साली मध्य हिंदुस्थानाविषयीचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. अहिल्याबाईंना पाहिलेली माणसे त्या वेळी हयात होती आणि त्यांच्याकडून त्याने माहिती मिळविली होती. होळकरांचा खजिना हाती येताच बाईंनी विधिपूर्वक तुळशीपत्र ठेवून तो दानधर्मासाठी अर्पण केला, असे तो सांगतो. याच गोष्टीला जोडून एक आख्यायिका माळव्यात सांगितली जाते. राघोबादादांनी खर्चासाठी या पैशाची मागणी केली. तेव्हा बाईंनी निरोप पाठविला, की हे द्रव्य धर्मासाठी संकल्प केलेले आहे. आपण ब्राह्मण आहात, दान म्हणून घेत असाल तर संकल्पाचे उदक सोडून देते. दादासाहेबांना ते मानवण्यासारखे नव्हते. आख्यायिकेत किती तथ्य हे बाजूस ठेवू. पण लोकांनी ती जपली, यावरून त्यांना या व्यवहारातील मर्म कळले होते असे दिसते. तुळशीपत्र ठेवणे हा त्या काळचा ठराव होता. एकदा ते ठेवले की धनी स्वतःसुद्धा त्या पैशाला हात लावू शकत नाही. मग सुभेदार असो, पेशव्यांचा काका असो, की आजच्या भाषेत उत्साही अध्यक्ष असो.

अहिल्याबाईंची दुसरी दूरदृष्टी याहून मोठी होती, असे मला वाटते. त्यांनी सगळा पैसा रोख ठेवला नाही. देवळाला जमीन, घाटाला नेमणूक, छत्राला गावचे उत्पन्न, अशी व्यवस्था त्यांनी लावून दिली. १७९५ साली त्या निवर्तल्या. दोन वर्षांनी तुकोजीही गेले आणि होळकरशाहीत यादवी माजली. १८०१ साली शिंद्यांच्या फौजेने इंदूर लुटले. बाईंच्या रोख खजिन्याच्या कोटीकोटींच्या कथा पुढे राहिल्या. नेमणुका, जमिनी आणि दगडी घाट मात्र प्रत्यक्ष राहिले.

परंतु या व्यवस्थेत एक उणीव होती, आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. खासगीचा हिशेब विचारण्याचा अधिकार बाहेरच्या कोणालाच नव्हता. चाव्या ज्या हातात होत्या तो हात पुण्यशील होता, एवढ्यावर सगळे चालले. पुण्याई वंशपरंपरेने येईलच असे कोणतीही सनद लिहून देऊ शकत नाही.

थैली एक की दोन, यावरून पुढच्या शतकात पुण्यातही एक वादळ झाले आणि गंमत अशी की त्याचेही एक टोक इंदूरला पोचते. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. तिचे आजीव सभासद तुटपुंज्या वेतनावर आयुष्य वाहून घेणारे होते. मग मतभेद सुरू झाले. सभासदाने बाहेरचे काम करून पैसा मिळवावा का? मिळविला तर तो कोणाचा? त्यातच १८८८ साली शिवाजीराव होळकर महाराजांनी टिळक व नामजोशी यांच्याकडे ग्रंथकारांच्या उत्तेजनार्थ काही शे रुपये दिले. ही देणगी व्यक्तींच्या हाती आली की संस्थेच्या, तिचा विनियोग ठरविणार कोण, यावरून टिळक आणि आगरकर या दोन जिवलगांत कटुता आणखी वाढली. १८९०च्या अखेरीस टिळकांनी सोसायटी सोडली. केवळ होळकरांच्या देणगीमुळे ते गेले असे म्हणणे इतिहासाचा विपर्यास होईल. मतभेदाची मुळे खोल होती. पण रक्कम काही शे रुपयांची, आणि माणसे तर टिळक-आगरकरांच्या तोलाची! दात्याने पैसा कोणत्या नावाने, कोणत्या कामासाठी दिला हे त्याच दिवशी लिहून ठेवले नाही म्हणजे थोरांच्या घरीही काय होते, ते यावरून दिसते.

आता दुसऱ्या पक्षाची बाजू ऐकू. ‘शिल्लक ठेवूच नका’ म्हणणारा पक्ष काही उधळ्या माणसांचा नाही. १८३३ साली पॅरिसमध्ये ओझानाम नावाच्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मित्रांसह गरिबांच्या घरी जाऊन मदत करणारे मंडळ काढले. सेंट व्हिन्सेंट डी पॉल यांच्या नावाने ते आज आपल्या चर्चच्या अनेक धर्मग्रामांत चालते. त्यांच्या बैठकीच्या शेवटी एक कापडी थैली फिरते. प्रत्येकाने मूठ आत घालावयाची. कोणी किती टाकले ते शेजाऱ्यासही कळत नाही. आणि जमलेला पैसा साठवून ठेवणे हे त्यांच्या परंपरेला मान्य नाही. गरिबाचा पैसा थैलीत पडून राहिला तर तो गरिबापासून रोखून धरला असे ते मानतात.

गांधीजींचे मत तर याहून कडक होते. १८९४ साली नाताळ इंडियन काँग्रेस स्थापन झाली तेव्हा तिची वर्गणी महिना निदान पाच शिलिंग होती. ती वसूल करताना त्यांचे जे हाल झाले ते त्यांनी आत्मकथेत मनमोकळेपणे लिहिले आहेत. प्रत्येक रकमेची पावती आणि पैन्‌पैचा हिशेब, हा धडा ते तेथे शिकले. पुढे त्या संस्थेचे स्वतःचे घर झाले, भाडे येऊ लागले, आणि त्याच मालमत्तेवरून भांडणे होऊन प्रकरण कोर्टात गेले. अशा अनुभवांवरून त्यांनी निष्कर्ष काढला, की सार्वजनिक संस्थेने कायम निधीवर जगू नये. ज्या संस्थेला दरवर्षी लोकांपुढे हात पसरावा लागतो तिला लोकमताची जाणीव राहते; व्याजावर जगणारी संस्था लोकांना विसरते.

हेच गांधीजी १९१८ साली हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून इंदूरला आले. दक्षिणेत हिंदीचा प्रचार करण्यासाठी त्यांनी येथे पैसा मागितला. होळकर महाराजांनी दहा हजार आणि सेठ हुकुमचंद यांनी दहा हजार दिले. गांधीजींनी ती रक्कम व्याजाला लावली नाही. त्याच वर्षी मद्रासेत काम सुरू झाले आणि त्यातूनच दक्षिण भारत हिंदी प्रचार सभा वाढली. निधी कामास लागला म्हणजे तो स्वतःच दुसरा निधी ओढून आणतो, असा या पक्षाचा विश्वास असतो, आणि येथे तो खरा ठरला.

मग शिल्लकवाल्यांनी गप्प बसावे काय? इंदूरच्याच अनंत चतुर्दशीकडे पाहा. हुकुमचंद मिलच्या कामगारांनी सुरू केलेली चित्ररथांची, येथील भाषेत झांक्यांची, परंपरा शंभर वर्षांची आहे. इतर कापड गिरण्यांच्या कामगारांनीही ती उचलली. गिरण्या चालू होत्या तोवर कामगारांच्या वर्गणीला मालकांची जोड होती आणि भोंग्याइतक्याच नियमाने गणपतीचा खर्च भागत होता. भोंगा बंद पडेल असे त्या वेळी कोणाच्या स्वप्नातही नव्हते. १९९१ साली हुकुमचंद मिल बंद पडली. एकेक करून बाकीच्याही गेल्या. कामगारांना त्यांची थकलेली देणी हाती पडावयास २०२३ साल उजाडले. उत्सव समित्यांपाशी अशा दिवसासाठी राखून ठेवलेली गंगाजळी नव्हती. तरी त्या माणसांनी रथ थांबविले नाहीत. देणगीदारांच्या, नगर निगमाच्या आणि विकास प्राधिकरणाच्या मदतीवर ते आजही निघतात. परंतु दर पावसाळ्यात ‘यंदा रक्कम मिळेल का, आणि मिळाली तर वेळेवर मिळेल का’ ही विवंचना त्यांच्यामागे लागली ती लागलीच. गांधीजींना अभिप्रेत असलेले दरसालचे हात पसरणे वेगळे आणि ही अगतिकता वेगळी. लोकांकडे जाणारा कार्यकर्ता ताठ मानेने जातो. अनुदानाच्या फायलीमागे फिरणारा तसा जाऊ शकत नाही.

तेव्हा भांडण ‘शिल्लक असावी की नसावी’ हे नाहीच. ती कोणत्या थैलीत असावी, हे आहे. खासगी आणि दौलत यांचा तोच जुना भेद विसाव्या शतकात परदेशातील सेवा क्लबांनी पुन्हा शोधून काढला. १९१७ साली शिकागोत लायन्सची संघटना सुरू झाली आणि १९५६ साली ती मुंबईत आली. तिच्या क्लबांना दोन खाती ठेवावी लागतात. सभासदांच्या वर्गणीतून कार्यालय, टपाल, चहापाणी, सभागृहाचे भाडे. लोकांकडून जमविलेला पैसा दुसऱ्या खात्यात. तो सारा लोकांच्याच कामी लागला पाहिजे, त्यातून एक कप चहादेखील निघता कामा नये.

रोटरीची गोष्ट शिल्लकेच्या दृष्टीने अधिक बोधक आहे. १९१७ साली आर्च क्लम्फ या अध्यक्षाने एक कायम निधी उभारावा असे सुचविले. पहिली देणगी कॅन्सस सिटीच्या क्लबाकडून आली, ती साडेसव्वीस डॉलरची. अधिवेशनाच्या खर्चातून उरलेली शिल्लक होती ती! पुढे दहा वर्षे निधी रांगतच होता. १९२८ साली तो पाच हजार डॉलरच्या थोडा वर गेला. पहिले अनुदान दिले गेले १९३० साली, अपंग मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेला पाचशे डॉलर. तेरा वर्षे नुसते जमविणे! आपल्या एखाद्या मंडळाने असे केले असते तर सभासदांनी खजिनदारास भंडावून सोडले असते. पण १९४७ साली रोटरीचे संस्थापक पॉल हॅरिस वारले तेव्हा जगभरच्या सभासदांना त्यांच्या स्मरणार्थ देणग्या देण्यासाठी एक तयार, विश्वासाचे पात्र सापडले. वर्षा-दीड वर्षात दहा लाख डॉलरहून अधिक पैसा आला. तोवर निधी लहान होता, पण त्याला स्वतःचे नाव आणि स्वतःचा हिशेब होता.

लहान मंडळाने यातून किती आणि काय घ्यावे? शाळामास्तराला गणिताचा मोह आवरत नाही, म्हणून एक उदाहरण घेतो. समजा, तीस सभासद आहेत आणि वर्गणी वर्षाला बाराशे. छत्तीस हजार रुपये झाले. खोलीचे भाडे, वीज, टपाल, हिशेब तपासनिसाची फी धरून वर्षाचा चालू खर्च तीस हजार. सहा हजार उरले. ही शिल्लक सभासदांची; ती साठवीत जावे. सहा महिन्यांचा खर्च, म्हणजे पंधरा हजार, गाठीस बांधला म्हणजे एखादे वर्ष वर्गणी थकली तरी दार बंद होणार नाही. त्याहून फार अधिक साठवण्याचे कारण मला तरी दिसत नाही. मात्र नेत्रशिबिरासाठी लोकांनी दिलेले चाळीस हजार आणि खर्च झालेले चौतीस हजार, यांतून उरलेले सहा हजार ही अगदी वेगळी गोष्ट आहे. दोन्ही आकडे सहा हजारच. पण दुसरे सहा हजार पुढच्या शिबिराचे आहेत. खजिनदार दोन्हींची बेरीज करून ‘शिल्लक बारा हजार’ असे वाचतात, आणि गोंधळाला आरंभ तेथेच होतो.

कायद्यानेही मध्यम मार्गच धरलेला दिसतो. १९६१ च्या आयकर कायद्यात धर्मादाय संस्थेने आपल्या उत्पन्नाचा ठरावीक भाग त्याच वर्षी कामी लावावा, म्हणजे करमाफी मिळेल, अशी योजना होती. आरंभी चौथा हिस्सा बाजूस ठेवता येई. २००२ पासून ती मर्यादा पंधरा टक्क्यांवर आणली गेली. त्याहून अधिक साठवावयाचे तर हेतू आधी लेखी कळवावा, आणि पाच वर्षांत तो पैसा त्याच हेतूसाठी खर्च करावा. तुळशीपत्राचेच हे सरकारी रूप म्हणावयाचे. हेतू जाहीर करा आणि मग हवे तर थांबा, असे ते सांगते. आपल्या महाराष्ट्रात अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड काढला तो असाच होता. घरटी एकेक पैसा मागावयाचा, पण कशासाठी ते सांगून, स्वदेशी उद्योगासाठी. त्यातून तळेगावचा काचेचा कारखाना उभा राहिला. मधली वर्षे तो पैसा पडूनच होता, परंतु निरुद्देश पडलेला नव्हता.

आता पुन्हा खासगीकडे वळू. कारण तिची गोष्ट अहिल्याबाईंबरोबर संपली नाही आणि तिचा उत्तरार्ध खजिनदारांनी मुद्दाम ऐकण्यासारखा आहे.

राखीव पैसा रुपयांच्या एका ठरीव आकड्यात बांधून ठेवण्याची होळकर दरबाराला सवय होती, असे म्हणावयास हरकत नाही. १८७० साली दुसऱ्या तुकोजीरावांनी खांडवा-इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले, ते साडेचार टक्के व्याजाने, एकशे एक वर्षांच्या मुदतीने! रेल्वे झाली, इंदूरची भरभराट झाली. व्यवहार राज्याच्या हिताचाच होता. पण १८७० चे साडेचार लाख आणि एकशे एक वर्षांनंतरचे साडेचार लाख यांत किती अंतर पडेल, याचा विचार त्या काळी कोणी करीत नसे. रुपया म्हणजे चांदी, आणि चांदी म्हणजे चांदीच.

१९४८ च्या मे महिन्यात होळकर राज्य मध्यभारतात विलीन झाले. १९४९ मध्ये महाराजांची खाजगी मालमत्ता कोणती आणि शासनाची कोणती याची वाटणी झाली, तेव्हा खासगीचाही निकाल लागला. खासगीचे उत्पन्न व मालमत्ता शासनाकडे गेली असे समजावे, आणि तिच्या मोबदल्यात धर्मादायासाठी शासनाने दरवर्षी, कायमचे, २,९१,९५२ रुपये वेगळे काढून ठेवावेत, असे ठरले. खासगीच्या जमाखर्चात त्या वेळी दानधर्मावर जी रक्कम मांडलेली होती, तीच ही रक्कम. करणाऱ्यांची नियत चांगली होती. ‘कायमचे’ हा शब्द त्यांनी विचारपूर्वक घातला. पण आकडा मात्र रुपयांत लिहिला, आणि महागाईबरोबर तो वाढावा असे कलम त्याला जोडले नाही.

त्याचा परिणाम काय होतो तो सोन्याच्या मापाने मोजून पाहा. त्या सुमारास दहा ग्रॅम सोन्याचा भाव शंभर रुपयांच्या आसपास होता. म्हणजे २,९१,९५२ रुपयांत एकोणतीस किलो सोने आले असते. २०२५ साली दहा ग्रॅमचा भाव लाखाच्या पुढे गेला. त्या भावाने त्याच रकमेत तीस ग्रॅमही येत नाही. एकोणतीस किलोंचे एकोणतीस ग्रॅम! रकमेतून कोणी एक पै चोरली नाही, कोणी उधळली नाही, आणि तरीही निधी हजारातला एक हिस्सा उरला. बँकेतील ठेवीचे पुस्तक दाखवून ‘आमचा कायम निधी पंचवीस वर्षे अबाधित आहे’ असे अभिमानाने सांगणाऱ्या मंडळांनी हा हिशेब आपल्या आकड्यांवर करून पाहावा. व्याज सगळे खर्च करून मुद्दल तेवढेच ठेवणे म्हणजे मुद्दल थोडेथोडे खर्च करणेच होय. भाव दरसाल सहा टक्क्यांनी वाढले तर बारा वर्षांत मुद्दलाची किंमत निम्म्यावर येते. व्याजातील काही भाग दरवर्षी मुद्दलात घातला तरच ती जागच्या जागी राहते.

१९६१ च्या डिसेंबरात यशवंतराव होळकर वारले. १९६२ साली खासगीच्या धर्मादायासाठी विश्वस्त मंडळ झाले. महाराजांची कन्या त्याची प्रमुख होती आणि शासनाचे अधिकारीही त्यावर होते. देशभर पसरलेल्या सुमारे अडीचशे मालमत्ता, म्हणजे मंदिरे, घाट, धर्मशाळा, छत्र्या, बागा व कुंडे, आणि त्यांच्यासाठी हातात तो १९४९ चा आकडा! १९७२ साली एक पुरवणी दस्त होऊन विश्वस्तांना मालमत्ता विकण्याचा अधिकार मिळाला. पुढे काही मालमत्ता विकल्या गेल्या. त्यांत हरिद्वारच्या कुशावर्त घाटाच्या विक्रीवरून गवगवा झाला आणि प्रकरण न्यायालयात गेले. विश्वस्तांच्या कृतीविषयी मत देणे हे माझे काम नाही, ते न्यायासनाचे. मला एवढेच दिसते, की ज्या धर्मादायाचे रोख उत्पन्न गोठलेले असते त्याची नजर केव्हा ना केव्हा दगडी मालमत्तेकडे वळते. अहिल्याबाईंनी रोख खर्च करून घाट बांधले होते. दीड-दोन शतकांनी रोख कमी पडली आणि घाट विकण्याची पाळी आली. ओघ उलटा वाहू लागला.

इंदूरच्या उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ५ ऑक्टोबर २०२० रोजी विश्वस्तांविरुद्ध कडक निकाल दिला आणि आर्थिक गुन्ह्यांचा तपास करणाऱ्या शाखेस चौकशीचा आदेश दिला. २१ जुलै २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो चौकशीचा आदेश रद्द केला. परंतु मूळ प्रश्नावर त्याने स्पष्ट उत्तर दिले. खासगी ट्रस्ट हा सार्वजनिक विश्वस्तनिधी आहे, तेव्हा त्याला मध्य प्रदेशाचा १९५१ चा सार्वजनिक न्यास कायदा लागू होतो. त्या कायद्याप्रमाणे स्थावर विकावयाचे तर निबंधकाची पूर्वपरवानगी लागते. गावोगावच्या लहान न्यासांना जो नियम तोच होळकरांच्या खासगीलाही. १७३४ च्या सनदेत हिशेब विचारणारा बाहेरचा माणूस नव्हता; तो दोनशे अठ्ठ्याऐंशी वर्षांनी आला. विश्वस्तांनी एक महिन्याच्या आत नोंदणीसाठी अर्ज करावा आणि आजवर झालेल्या विक्रीव्यवहारांचे कागद मागवून निबंधकाने चौकशी करावी, असा न्यायालयाचा आदेश झाला.